मागच्या सीटवर ऐकू येणारा आवाज

आवाज आधी मला ऐकू आला नाही. माझ्या गाडीत मागं बसणाऱ्या गणिताच्या बाईंना आला. 2023 चा सप्टेंबर, गणपतीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. बेळगावहून खानापूरला जाताना मच्छे मागं पडलं, गाडीनं वेग घेतला आणि त्या म्हणाल्या, "बाई, गाडीत भुंगा शिरलाय काय बघा. माझ्या कानाशीच घूं घूं करूलालाय." काचा खाली केल्या, तर वाऱ्यात काहीच ऐकू येईना. काचा वर केल्या आणि थोड्या वेळानं आवाज परत आला. गाडी हळू केली की जायचा, सत्तरच्या पुढं नेली की यायचा. भुंगा नव्हता.

मी टिळकवाडीत राहते आणि खानापुरातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. जायला 26 किलोमीटर, यायला 26. बसच्या वेळा सांभाळून थकले, म्हणून 2022 च्या पाडव्याला, 2 एप्रिलला, कर्ज काढून छोटी हॅचबॅक घेतली. आम्ही चौघी शिक्षिका पेट्रोल वाटून घेतो. एक माझ्या शेजारी, दोघी मागं. गाडीची वॉरंटी दोन वर्षं किंवा 40 हजार किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. त्या दिवशी मीटरवर 21 हजार 300 होते. किलोमीटर भरपूर शिल्लक, पण दिवस मोजून सहा महिने. हा हिशेब मी तेव्हा केला नाही. करायला हवा होता.

पहिली अडचण आली ती आवाजाला नाव देण्याची. आपल्या भाषेत आवाजांना शब्द इतके आहेत की गाडीचा अर्धा आजार नुसत्या शब्दावरून कळावा. पूर्ण वळण घेताना चाकातून टक टक आलं तर संशय ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर जातो. ब्रेक दाबताना चीं झालं तर पॅड झिजले. खड्ड्यातून जाताना खडखड झाली तर सस्पेन्शनचा बुश किंवा लिंक. ब्रेक न दाबताही खर्र खर्र घासत असेल तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकलेला असतो. आणि नुसतं घुमत राहिलं, वेगाबरोबर चढत गेलं, तर टायर किंवा बेअरिंग, म्हणजे चाक ज्याच्या आधारानं फिरतं तो भाग. या शेवटच्या दोघांत फरक करणं सगळ्यात अवघड, कारण दोन्ही गोल फिरतात आणि दोन्ही घुमतात. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी सर्व्हिस सेंटरला फोन करून एवढंच सांगितलं की चाकातून आवाज येतो.

दसऱ्याची सुट्टी लागली तशी गाडी घेऊन गेले. अ‍ॅडव्हायझर मुलगा नम्र होता. त्यानं जॉब कार्डावर इंग्रजीत चार शब्द लिहिले, 'गाडीत आवाज, तपासा' एवढ्याच अर्थाचे, आणि सहीसाठी कार्ड पुढं केलं. मी सही केली. तासाभरानं टेस्ट ड्राइव्हला गेलेला मेकॅनिक परत आला आणि म्हणाला, "एनू सप्पळ इल्लरी मॅडम." काहीच आवाज नाही. मला त्याला खोटं म्हणता येईना, कारण त्या दिवशी घरून तिथवर येताना मलाही आवाज आला नव्हता. सुट्टी लागल्यापासूनच आला नव्हता. तरी आलाच आहात तर म्हणून त्यांनी टायर पुढचे मागं आणि मागचे पुढं केले, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन आणि बॅलन्सिंग म्हणजे चाकांचा तोल जुळवला, साडेअकराशे रुपये घेतले. अलाइनमेंटच्या मशीनमधून निघालेला कागद मी बिलाबरोबर फाइलला लावला. कागद ठेवायची सवय आहे म्हणून ठेवला. पुढं तो फार कामाला आला.

शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी घूं घूं परत. "बाई, अजून गेला नाही होय?" गणिताच्या बाईंनी विचारलं. त्या नेहमी माझ्या मागं, उजवीकडच्या सीटवर बसतात. आता मलाही तो ऐकू यायला लागला होता आणि एकदा ऐकू आला की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. रेडिओ बंद केला. गप्पा बंद केल्या. प्रभुनगर ते गणेबैल या सरळ पट्ट्यात आम्ही चौघी कान लावून बसायचो. मला आवाज पुढच्या उजव्या चाकातून येतोय असं वाटायचं. बाईंना त्यांच्या सीटखालून वाटायचा. दोघीही आपापल्या जागी बरोबर वाटत होतो.

नोव्हेंबरात दुसऱ्यांदा गेले. या वेळी खरंच काहीतरी सापडलं. पुढच्या डाव्या चाकात, डिस्कमागच्या पत्र्यापाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा अडकला होता. मेकॅनिकनं तो तळहातावर आणून दाखवला, सगळ्यांना हायसं वाटलं, ब्रेक साफ करून दिले. त्या खड्याचा आवाज होताही, बारीक खरखर होती, ती गेली. म्हणून दोन दिवस माझी समजूत पटली. तिसऱ्या दिवशी मच्छ्याच्या पुढं घूं घूं. मी फोन केला तेव्हा उत्तर मिळालं की मग तो टायरचा आवाज असणार, चारही नाहीत तरी दोन टायर बदलून बघा, आणि टायर आमच्या वॉरंटीत येत नाहीत. ही गोष्ट खरी आहे. टायर आणि बॅटरी यांची हमी त्या-त्या कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नसते. म्हणजे आवाज टायरचा ठरला की गाडीच्या वॉरंटीचा प्रश्नच मिटतो. कुणी वाईट हेतूनं असं करतं असं मी म्हणणार नाही. पण रस्त्यावर जास्त तसदी न घेता जे उत्तर देता येतं, ते उत्तर आधी दिलं जातं.

दोन टायरचे आठ-नऊ हजार. पगार आणि हप्ता यांच्यामध्ये ते बसत नव्हते, म्हणून मी आधी टायरच्या दुकानात विचारायचं ठरवलं. हे दुकान छोटं आहे, तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडं. मालकानं टायर विकण्याऐवजी मला टायर बघायला शिकवलं. तळहात टायरच्या नक्षीवरून आधी पुढच्या बाजूला आणि मग मागच्या बाजूला फिरवायचा. एका बाजूनं हात गुळगुळीत जातो आणि उलट फिरवताना करवतीच्या दातांसारखा अडतो, तर टायर वेडावाकडा झिजलाय आणि तो घुमणारच. माझ्या चारही टायरांवर हात दोन्हीकडून सारखा फिरला. मग त्यानं विचारलं, "टायर पुढचे मागं केल्यावर आवाजानं जागा बदलली काय?" नाही. "मग टायर नव्हे तो. टायरचा असता तर टायरबरोबर गेला असता." हे इतकं साधं आहे की विज्ञानाची बाई म्हणून मला ते आधीच सुचायला हवं होतं. साडेअकराशेचं रोटेशन वाया गेलं असं मी समजत होते, ते खरं तर एक प्रयोग होता आणि त्याचा निकाल माझ्याकडं होता.

त्या दिवशी मी जुनी शंभर पानी वही काढली आणि गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. तारीख, मीटर, वेग, रस्ता कोरडा की ओला, काचा, एसी, आवाज आहे की नाही. चालवताना मी लिहीत नव्हते. शेजारी बसणाऱ्या मराठीच्या बाई लिहायच्या आणि त्यांचं अक्षर इतकं सुंदर आहे की नंतर सर्व्हिस मॅनेजरनं वही हातात घेतल्यावर आधी अक्षर बघितलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम आठवीच्या मुलांना सांगते तोच ठेवला. सत्तरच्या वेगात क्लच दाबून इंजिनाचा फेरा खाली येऊ दिला तरी आवाज तसाच राहिला, म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. ब्रेक हलका दाबला तरी फरक नाही, म्हणजे ब्रेक सुटले. शहरातल्या सिमेंटच्या रस्त्यावर आणि डांबरावर रस्त्याचा आवाज वेगळा झाला, पण त्याखालची घूं घूं तीच राहिली. लांबच्या डाव्या वळणावर ती वाढायची, उजव्या वळणावर दबायची.

हे शेवटचं निरीक्षण बेअरिंगकडं बोट दाखवतं. डावीकडं वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर झुकतं. आवाज तेव्हा वाढत असेल तर दोष उजवीकडं. पण उजवीकडं दोन चाकं असतात, हे मी विसरले होते. माझ्या डोक्यात पुढचंच चाक बसलं होतं.

डिसेंबर असाच गेला. सुवर्णसौधातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत माझी वेळ एकदा पुढं ढकलली गेली, मग शाळेची कामं आली. अपॉइंटमेंटची वाट बघताना मला रोज वाटायचं की चाक निखळलं तर? गाडीत माझ्याबरोबर तीन जणी. त्यांच्या घरी मुलं. मी वेग साठच्या वर न्यायचा बंद केला आणि शनिवारी घरी आल्यावर चाकाला हात लावून बघायचे, जास्त तापलंय का. बेअरिंग लगेच दगा देत नाही, आधी खूप दिवस ओरडतं, हे आता माहीत आहे. पण ओरडण्याबरोबर स्टीअरिंगमध्ये थरथर जाणवली, चाक तापलं किंवा डॅशबोर्डवर ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा दिवा लागला, तर गाडी पुढं चालवू नये.

नाताळच्या सुमारास मामा घरी आले. माझे मामा उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये पस्तीस वर्षं मेंटेनन्सला होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी घरात मिक्सर लावला की मान वळवून ऐकतात. लहानपणी मी त्यांच्या कारखान्यात डबा द्यायला जायचे तेव्हा ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटारीच्या अंगाला टेकवून मूठ कानाला लावायचे, हे मला आठवतं. फाउंड्री, लेथ आणि ग्राइंडिंगवर मोठ्या झालेल्या या शहरात असे कान पुष्कळ घरांत आहेत. मीच मामांना विचारायला तीन महिने लावले, कारण मला वाटत होतं की नवीन गाड्यांचं त्यांना काय माहीत असणार. याबद्दल मी त्यांची माफी मागितली आहे.

मामांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "रविवारी का नाही येत गं आवाज?"

मी बघितलं. वहीत पाच रविवार होते आणि पाचही दिवशी 'आवाज नाही' असं लिहिलं होतं. दसऱ्याच्या सुट्टीत नव्हता. मेकॅनिक एकटा गाडी घेऊन गेला तेव्हा नव्हता. अक्षर मराठीच्या बाईंचं नव्हतं, माझं होतं, इतकाच फरक मला आधी दिसला. "रविवारी मागं कोण बसतंय?" मामांनीच पुढं विचारलं. कुणी नाही. मी एकटी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामा आणि मी निघालो. सुगीत घेतलेला तांदूळ घरात होता, 25 किलोची चार पोती. ती गाडीत टाकली. आधी गाडी रिकामी पळवली, गणेबैलच्या टोलनाक्याच्या अलीकडून परत फिरलो. आवाज नाही, किंवा असलाच तर नसल्यासारखा. मग चारही पोती मागच्या सीटवर डावीकडं. थोडासा. मग चारही उजवीकडं ठेवून पट्ट्यानं बांधली. पिरनवाडी ओलांडून वेग सत्तरवर गेला आणि अख्खी गाडी घुमायला लागली. मामा पुढं बसले होते. त्यांनी डोळे मिटले आणि हात मागं नेऊन मागच्या दाराच्या खांबाला लावला. "मागचं उजवं बेअरिंग," ते म्हणाले. "तुझं पुढचं चाक चांगलं आहे. आवाज पत्र्यातून चालत पुढं येऊलालाय."

घरी आल्यावर त्यांनी कागदावर काढून दाखवलं. बेअरिंगमध्ये दोन पोलादी कड्या असतात आणि त्यांच्यामध्ये गोळ्या. कडीवर गोळ्या धावतात त्या वाटेवर बारीकशी खाच पडली, तर प्रत्येक गोळी तिथून जाताना ठोका देते. माझ्या टायरचा घेर साधारण 1.83 मीटर. ताशी 72 किलोमीटरला गाडी सेकंदाला 20 मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला जवळजवळ 11 फेरे. एका फेऱ्यात पाचेक गोळ्या त्या खाचेवरून जातात असं धरलं तर सेकंदाला पन्नास-पंचावन्न ठोके. इतके ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा एकच घुमणारा सूर होतो. वेग वाढला की ठोके वाढतात आणि सूर चढतो. वजन आलं की गोळ्या त्या जागेवर दाबल्या जातात आणि सूर मोठा होतो. मी हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर घातलं, आणि त्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढं झुकून बसली होती.

आता कळलं होतं, पण ते सर्व्हिस सेंटरला दाखवायचं होतं. यात मला सगळ्यात जास्त मदत झाली ती मावसभावाची. तो वकील आहे. त्यानं दोन्ही जॉब कार्डं बघितली आणि पहिलं वाक्य बोलला ते असं : "ताई, तुझी तक्रार यात नाहीच आहे." खरंच नव्हती. 'आवाज, तपासा' आणि खाली 'आवाज आढळला नाही'. वेग नाही, वजन नाही, किती दिवसांपासून ते नाही. वॉरंटी एप्रिलमध्ये संपली असती आणि मेमध्ये चाक ओरडलं असतं, तर हा दोष वॉरंटीच्या काळातला आहे हे सांगणारा एकही शब्द कागदावर नव्हता. जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत, आकड्यांसकट लिहून घ्यायची आणि मगच सही करायची. त्यांना काही सापडलं नाही तर तेही लिहून घ्यायचं. दर खेपेला कार्डाची प्रत घरी आणायची. वेळ आलीच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं जाता येतं, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. हे सगळं ऐकून मला धीर आला, पण त्यानं शेवटी सांगितलं ते मी केलं : "भांडू नकोस. आधी लिही."

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल लिहिला. साधा. गाडीचा चॅसिस नंबर, दोन्ही जॉब कार्डांचे नंबर, वहीच्या पानांचे फोटो, आणि एकच मागणी : मागच्या सीटवर माणसं बसवून, ताशी 70 च्या वर, माझ्याबरोबर टेस्ट ड्राइव्ह घ्यावी. दोष कुणाला दिला नाही. दोन दिवसांत तक्रार क्रमांक आला आणि तिसऱ्या दिवशी सर्व्हिस मॅनेजरचा फोन.

जानेवारीतला शनिवार. सकाळची शाळा संपवून मी थेट गेले. फ्लोअर सुपरवायझर बैलहोंगलकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी वही वाचली. मी या वेळी जॉब कार्डावर लिहून घेतलं : ताशी 65 ते 80, मागच्या सीटवर वजन असताना, डाव्या वळणावर वाढणारा घुमणारा आवाज, मागच्या उजव्या बाजूनं, सप्टेंबर 2023 पासून. अ‍ॅडव्हायझर मुलानं प्रत्येक शब्द टाइप केला. मग मी विचारलं की तुमची टेस्ट ड्राइव्ह कुठून कुठं जाते. तो वळसा शहरातल्या शहरात होता, चार सिग्नल आणि बाजाराची गर्दी. तिथं गाडी चाळीसच्या पुढं जाऊच शकत नाही. तीन महिने माझी गाडी अशा रस्त्यावर तपासली जात होती की जिथं तो आवाज निघणं शक्यच नव्हतं. त्या मुलांचाही यात दोष नाही. दिवसाला वीस-पंचवीस गाड्या, त्यातून एकेकीला खानापूर रस्त्यापर्यंत कोण नेणार?

आम्ही नेली. मी चालवत होते, अ‍ॅडव्हायझर शेजारी, आणि सुपरवायझर स्वतः मागं उजवीकडं बसले. मी त्यांना कुठं बसा असं सांगितलं नव्हतं. मच्छे ओलांडलं, वेग वाढवला, आणि मला भीती वाटली की आज नेमका आवाज येणार नाही. अडुसष्टला तो आला. आरशात बघितलं तर सुपरवायझर खाली वाकून सीटला कान लावत होते. "ऐतरी," ते म्हणाले, "सप्पळ ऐती." आहे, आवाज आहे. मला रडू येईल असं वाटलं. चार महिन्यांत माझ्या बाजूच्या माणसांखेरीज पहिल्यांदा कुणीतरी तो ऐकला होता.

परत आल्यावर गाडी लिफ्टवर घेतली. हँडब्रेक सोडला, मागचं उजवं चाक एका हातानं फिरवलं आणि दुसरा हात त्या बाजूच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला लावला. मग डावं. मग त्यांनी मला बोलावलं आणि माझा हात स्प्रिंगवर ठेवायला सांगितला. डावीकडं काहीच नाही. उजवीकडं स्प्रिंगमधून बारीक कुरकुर हाताला लागत होती, जात्यात वाळूचा कण आल्यावर लागते तशी. चाक वर-खाली धरून हलवलं तर ढिलाई नव्हती, म्हणूनच आधीच्या दोन तपासण्यांत ते सुटलं असणार.

दोष पटला, पण क्लेम मंजूर व्हायचा होता. त्यासाठी कंपनीचा माणूस हुबळीहून येतो. त्यानं विचारलेला पहिला प्रश्न : गाडी खड्ड्यात आदळली होती का? बाहेरचा मार बसून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी क्षणभर थांबले. जुलैमध्ये आम्ही जांबोटीला गेलो होतो आणि त्या रस्त्याला पावसाळ्यात खड्डा चुकवलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मी खरं ते सांगितलं. खड्ड्यांतून गेली, पण गाडी थांबवून बघावं असा मार बसला नाही. मग फाइलमधून ऑक्टोबरचा अलाइनमेंटचा कागद काढून दिला. चारही चाकांचे आकडे मर्यादेत होते. रिम फिरवून बघितली, कुठं पोचा नाही, टायरला फुगवटा नाही. त्यानं फोटो काढले आणि आठवड्यानं मंजुरी आली. त्या दिवशी मी खोटं बोलले असते आणि रिमवर एखादी खूण निघाली असती, तर बाकीची सगळी वही कुणी खरी मानली नसती.

पार्ट यायला आणखी आठ दिवस. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बेअरिंग हबसकट, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागासकट, बदललं. एक रुपया लागला नाही. टायर फिरवण्याचे साडेअकराशे मी मागितले, ते मिळाले नाहीत. काढलेला भाग कंपनीकडं परत जातो, घरी नेता येत नाही, म्हणून मी मामांना घेऊन गेले होते. मामांनी तो हातात घेऊन कानाशी फिरवला, मग माझ्या हातात दिला. नवीन बेअरिंग तेलात बोट फिरवावं तसं फिरतं. हे अडत, कुरकुरत फिरत होतं, एका ठिकाणी नेमकं. खाच कशानं पडली, खड्ड्यानं की मुळातच, ते कुणी सांगितलं नाही. मामांचं मत खड्ड्याचं आहे.

निघताना मी पुस्तिकेतलं वाक्य दाखवून विचारून घेतलं. बदललेल्या भागाची वॉरंटी गाडीच्या उरलेल्या वॉरंटीएवढीच, म्हणजे 1 एप्रिलपर्यंत. दोन महिने. म्हणून डावं चाकही त्याच वेळी स्प्रिंगला हात लावून तपासून घेतलं आणि 'ठीक आहे' असं कार्डावर लिहून घेतलं.

संध्याकाळी मामा म्हणाले, एक फेरी मारूया. ते मागं उजवीकडं बसले, गणिताच्या बाईंच्या जागेवर. पिरनवाडी गेलं, मच्छे गेलं, वेग पंच्याहत्तर. मी काही विचारलं नाही. आरशात दिसत होतं की त्यांचा हात खांबावर आहे आणि डोळे मिटलेले आहेत. झाडशहापूरचं वळण डावीकडं आलं तेव्हा मी श्वास धरला होता. काचेवर वारा, टायरखाली रस्ता, बाकी काही नाही. गणेबैलच्या अलीकडं त्यांनी खांबावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"फिरव आता," ते म्हणाले. "घरी जाऊया की, चहाची वेळ झाली."